पागोपागोचा ॲम्प

पेसामीनो माझा चुलत भाऊ. आमच्याकडे चुलत आणि सख्खं वेगळं मोजत नाहीत, म्हणून मी भाऊच म्हणते. आणि भाऊ असला तरी खरं ते सांगते, माणूस एक नंबरचा भित्रा. हे मी पाठीमागे बोलत नाही, त्याच्या तोंडावरही म्हणत आले. नारळाच्या झाडाखाली तो उभा राहत नाही. कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडतो, आणि आमच्या गावात कुत्री इतकी की बिचाऱ्याचा दिवस रस्ता ओलांडण्यातच जातो. पाळकांनी सहज हाक मारली तरी आधी आपलं काय चुकलं ते आठवत उभा राहतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ह्याच्यापाठी तर रांग लागलेली.

कामाला तो किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या धुलाईघरात. तरुणपणी तिथल्या एका यंत्राने त्याला असा करंट मारला की उडून भिंतीवर आपटला. त्या दिवसापासून पायात रबरी सपाता नसतील तर तो दिव्याच्या बटणालाही हात लावत नाही. सगळं गाव अनवाणी नाचतं, हा लग्नातही सपाता घालून उभा. लोक हसायचे, तोही हसून घ्यायचा, पण सपाता काही काढायचा नाही.

गिटार मात्र वाजवावी तर त्यानेच. मागे कुठेतरी खांबाच्या आडोशाला उभा राहून वाजवायचा आणि पुढे त्याची बायको मोएलागी गायची. ती नेमकी उलटी. घोण दिसली तर टाचेने चिरडणारी, भरती चढत असताना एकटी खडकांवर जाऊन ऑक्टोपस काढणारी. ती गायला लागली की माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं काय घ्यायला आलो ते विसरून दारात जाऊन उभी राहायची, आणि मला ते अजिबात परवडायचं नाही. तिसरा उएलेसे, मोएलागीचा धाकटा भाऊ. युकुलेले, ती चार तारांची छोटी गिटार, बरी वाजवतो, तोंड त्याहून जास्त वाजवतो. वाढदिवस, लग्नं, शाळेच्या मदतीसाठी हाउजीचा खेळ, असं जिथे बोलावतील तिथे हे तिघं जायचे.

मागच्या वादळात समुद्र घरात शिरला आणि त्यांचा ॲम्प, गिटार-माईकचा आवाज मोठा करणारी पेटी, भिजून मेला. चर्चचं मोठं यंत्र होतं, पण ते पाळकीणबाईंच्या ताब्यात, आणि त्यांना मोएलागीची गाणी जरा जास्तच लाडिक वाटायची. झालं, बोलावणी बंद पडली. मोएलागी घरात सुद्धा गायची थांबली. तुम्हाला कळायचं नाही, पण ती गात नाही म्हणजे त्या घरात कुणीतरी आजारी पडल्यासारखं वाटायचं. मी एकदा पेसामीनोला म्हटलं, "अरे, बायकोचं तोंड बघ. काहीतरी कर." तो मान खाली घालून म्हणाला, "बघतोय ताई, बघतोय."

तेवढ्यात समुद्रापलीकडच्या बेटावर, पागोपागोला, आमची आत्या वारली. मयताला द्यायच्या घरच्या चटया घेऊन कुणीतरी जायला हवं होतं, गेला तो. परत आला तेव्हा बोटीतून उतरताना त्याच्या पोटाशी एक लाकडी पेटी होती. समुद्राची एवढी भीती वाटणारा माणूस, पण सगळा प्रवासभर म्हणे तिला मिठी मारून बसला होता, बुडाली तर दोघं बुडू म्हणून. मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याने त्याला ती जवळजवळ फुकट दिली होती. म्हाताऱ्याची दोन बोटं यंत्रात गेली होती, त्याला आता वाजवता येत नव्हतं.

व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या तापणारा, जुना ॲम्प. पुढचं कापड फाटलेलं, आत झुरळांची वस्ती आणि पालीची दोन अंडी. मधून तारखेची रेषा जाते म्हणून पागोपागोला नेहमी आपल्याकडचा कालचा दिवस चालू असतो, त्यावरून उएलेसेला संधी मिळाली.

"दाजी, कालच्या गावाहून आणलायत. आज चालणार कसा हा?"

"चालेल," पेसामीनो म्हणाला. "फक्त तिकडची वीज आपल्या निम्म्याने आहे. थेट लावला तर जळेल." म्हणून त्याने वीज कमी करायचा डबाही तिथूनच आणला होता.

त्या डब्याच्या पिना सरळ, आमच्या भिंतीतली भोकं तिरकी. पेसामीनो म्हणाला, आपिया शहरातून नीट प्लग आणू. उएलेसेने तोवर पक्कड घेतली आणि दोन्ही पिना पिळून तिरक्या केल्या. आमच्याकडे सगळेच असं करतात. पागोपागोचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या, सगळं पक्कड लावून पिळलेल्या पिनांवर चालतं आणि बऱ्याचदा धूर काढून संपतं.

मग पुढचे कितीतरी आठवडे पेसामीनो त्या पेटीत डोकं घालून बसला. हॉटेलात विजेची कामं करणाऱ्या माणसाजवळ उभं राहून राहून तो वायरींना कथिलाचा डाग द्यायला शिकला होता. भाच्याने ऑकलंडहून दुधाच्या डब्यात घालून व्हॉल्व्ह आणि बाकीचं सामान पाठवलं. पुढच्या फाटक्या कापडाच्या जागी मोएलागीच्या जुन्या लुंगीचा जास्वंदीच्या फुलांचा तुकडा बसला. त्याची काम करायची तऱ्हा बघायला बायका मुद्दाम यायच्या. खाली टायरचं रबर, पायात सपाता, आणि डावा हात कमरेशी लुंगीत घट्ट खोचलेला. सगळं एकाच हाताने.

"दुसरा हात काय बायकोकडे गहाण टाकलास?" मी विचारलं.

"दोन्ही हात आत घातले आणि करंट बसला तर तो एका हातातून शिरून दुसऱ्यातून जातो ताई. मधे काळीज लागतं."

"पण प्लग तर काढलाय की."

"काढला तरी आत वीज साठून राहते. दबा धरून बसते."

तो हे बोलताना त्याचा आवाज इतका खाली गेला की मीही माझी खुर्ची मागे सरकवली. बंद केल्यावर तो दुसऱ्या दिवसापर्यंत पेटी उघडायचा नाही. एक काम असं रखडत रखडत व्हायचं, आणि संध्याकाळी प्रार्थनेची घंटा झाली की तेही थांबायचं. पण झालं शेवटी.

पहिल्यांदा लावला तेव्हा जळक्या धुळीचा वास आला, आतले व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले आणि मग पेसामीनोने एकच तार छेडली. काय सांगू. असा गोड, जाड आवाज त्या घरात कधी निघाला नव्हता. मोएलागीला राहवलं नाही. तिने माईक उचलला, त्याच पेटीत खोचला आणि ओठाशी नेऊन एक ओळ म्हटली. ओळ अर्धीच झाली.

"आई गं! ओठाला मुंगी चावली," ती म्हणाली आणि खळखळून हसली.

कुणाचं लक्ष नव्हतं, माझं पेसामीनोकडे होतं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. त्याने तिच्या हातातून माईक काढून घेतला, बोटांची मागची बाजू जेमतेम त्याला लावली आणि झटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग त्याने प्लग काढला.

चारेक दिवसांनी तो माझ्या दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत बिस्किटांच्या डब्यापाशी घुटमळत राहिला.

"ताई, हिरवी वायर आहे? जाड, लांब."

"कशाला?"

त्याने आधी दाराबाहेर कुणी नाही ना ते बघून घेतलं. मग सांगितलं. त्या ॲम्पमधला मुख्य ट्रान्सफॉर्मर खाऱ्या हवेने आतून कुजला होता. वीज त्यातून पेटीच्या लोखंडात झिरपत होती, लोखंडातून माईकमध्ये. हवा कोरडी असली तर नुसत्या मुंग्या. दमट असली आणि पाय ओल्या जमिनीवर असले तर...

"तर काय?"

"तर हात सुटत नाही ताई. मूठ आवळली जाते. सोडायची म्हटली तरी सुटत नाही."

मी म्हटलं, "मग फेकून दे ती पेटी समुद्रात. आत्ताच्या आत्ता."

"नवा ट्रान्सफॉर्मर मागवलाय ऑकलंडहून. बोटीने यायचाय. पण हिने महिला मंडळाला शब्द देऊन टाकलाय. शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी शनिवारी कार्यक्रम आहे ना."

"तिला सांग मग."

"सांगितलं." तो खिन्न हसला. "म्हणाली, मुंग्या आल्या तर काय झालं, मला गाताना अशाही अंगभर येतात. म्हणाली, पेसा, तू सावलीलाही भितोस, आता माझ्या गाण्याला भिऊ नकोस. पुन्हा सांगायला गेलो तर ती रडायला लागली. ताई, किती महिन्यांनी घरात गातेय ती."

उपाय त्याने काढला होता. ॲम्पच्या लोखंडाला वायर जोडायची आणि ती स्टेजच्या खांबाजवळ जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायची. अर्थिंग. झिरपणारी वीज सरळ जमिनीत जाईल, माईककडे यायची नाही. त्याने घरी करून बघितलं होतं, मुंग्या थांबल्या होत्या.

"मग आता कसली भीती?" मी विचारलं.

"सगळं एका वायरवर आहे, याची."

मी वायर कापून दिली. मग तो म्हणाला, "तू पाळकांच्या ओसरीवर बसशील? डब्याचा प्लग आणि एक्स्टेंशन तिथेच लागणार आहे. तू नुसती प्लगजवळ बस. काही झालं तर ओढून काढ." मी त्याला वेडा म्हटलं आणि हो म्हटलं. तो गेल्यावर दुकानात मला करमेना. मोएलागी पलीकडून कपडे वाळत घालताना गुणगुणत होती आणि प्रत्येक सुराला माझा हिशेब चुकत होता. भित्रा तो, पण त्याची अर्धी भीती मला देऊन गेला होता.

शनिवारी सकाळी त्याने सळई ठोकली, वायर बांधली, पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. मग हॉटेलातून बोलावणं आलं आणि त्याला जावं लागलं. दुपारी एक सर येऊन गेली, जोराची. मैदानातलं गवत चपचपीत झालं. आम्ही बायकांनी आशेने आभाळाकडे पाहिलं, मी मात्र वेगळ्या आशेने. वाटलं, कार्यक्रम रद्द होईल. कसला रद्द होतोय! ऊन पडलं, चार वाजता सगळं गाव जमलं, शेजारच्या गावांतूनही लोक आले. पेसामीनो धावतपळत आला, सपाता घालून आपल्या जागी उभा राहिला. सगळीकडे फुलंच फुलं, खांबांना लाल आल्याच्या फुलांचे गुच्छ. बायकांनी सजावट झकास केली होती.

मी ओसरीवर प्लगजवळ खुर्ची टाकून बसले. भिंतीतलं बटण केव्हाच मोडलेलं, ते चालू राहावं म्हणून कुणीतरी त्यात काडी खोचून ठेवलेली. डब्याच्या पिळलेल्या पिना अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. मला ते नुसतं बघूनही कसंतरी झालं. माझ्यापासून स्टेजपर्यंत वायर गवतातून गेलेली. एवढ्या लांबून मला दिसायचं सगळं, ऐकू फारसं यायचं नाही.

उएलेसेने सुरुवात केली. मोएलागी लगेच माईककडे गेली नाही. आधी ती नाचली.

आमच्याकडे कुणी मन लावून नाचायला लागलं की बाकीच्यांनी गप्प बसून बघायचं नसतं. तो नाचणाऱ्याचा अपमान. त्याच्या भोवती वेडंवाकडं नाचायचं, तोंडं करायची, आरोळ्या ठोकायच्या, त्याच्या पायाशी मातीत लोळण घ्यायची. आपण स्वतःचं जितकं हसं करून घेऊ तितका त्याचा मान मोठा. मोएलागीच्या लग्नात ती नाचली तेव्हा अख्खं गाव लोळलं होतं. नवरा तेवढा खांबाला खांब होऊन उभा राहिला. त्याला लाज वाटली की भीती, देव जाणे. ती त्याला या गोष्टीवरून कधी बोलली नाही. माझ्याजवळ मात्र अनेकदा बोलली.

आताही म्हातारेकोतारे तिच्याभोवती माकडचेष्टा करायला लागले होते. ती अनवाणी, ओल्या गवतातून, दोन्ही हात पसरून, हळूहळू माईककडे सरकत होती. मी बघितलं, पेसामीनोचं बोट तारेवर थांबलं. त्याने ॲम्पकडे बघितलं, मग खाली खांबाच्या बुडाशी बघितलं, मग वर. त्याचं तोंड उघडलं. तो काहीतरी ओरडला असावा, पण त्याचा आवाज ओरडण्यासाठी घडलेलाच नव्हता, आणि भोवती दोनशे माणसं ओरडत होती. मोएलागीने माईककडे हात लांब केला. पेसामीनोने उडी मारली, तिला खांद्याने बाजूला ढकललं आणि माईकचा दांडा स्वतःच धरला. मग तो तिच्या पायांशी कोसळला.

गावाने जी आरोळी ठोकली ती अजून माझ्या कानात आहे. पेसामीनो! लाजरा, भित्रा पेसामीनो बायकोच्या नाचाला लोळण घेतोय! तो गवतात पडून थरथरत होता, टाचा आपटत होता, आणि लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. दोन म्हातारे त्याची नक्कल करत बाजूला पडून तसेच थरथरायला लागले. उएलेसेने युकुलेले टाकली आणि तोही दाजींच्या शेजारी आडवा झाला. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर बरं वाटलं. मोएलागीचं तोंड मला त्या वेळी दिसलं. इतकं सुखी तोंड मी कुणाचं पाहिलेलं नाही. ती त्याच्याभोवती फेर धरून नाचायला लागली.

मग मला गवतात पडलेली सपात दिसली. एकच, उलटी. त्याचा एक पाय उघडा होता. पेसामीनो आणि उघडा पाय! मी त्याच्या मुठीकडे बघितलं. माईक मुठीतच होता. मग मी खांबाकडे बघितलं. वर, फुलांच्या गुच्छांना आवळून बांधलेली हिरवी वायर होती, आणि वर मोएलागीची नेहमीची दुहेरी गाठ. सकाळी सजावट करताना तिला खांबाशी एक चांगली वायर सापडली होती.

मोएलागी नाचता नाचता खाली वाकली. तिने हात पुढे केला, त्याच्या गालाला लावायला.

मी प्लग ओढला. निघेना. पिळलेल्या पिना आत अडकून बसल्या होत्या. मी ओरडले, कुणाला ऐकू गेलं? मी वायर दोन्ही हातांना गुंडाळली, आहे नाही तेवढा माझा सगळा देह मागे टाकला, आणि ओसरीच्या पायऱ्यांवरून पाठीवर आपटत खाली आले. वायर माझ्या हातात होती. ते बघूनही लोक हसले.

पेसामीनोची थरथर थांबली. मोएलागी त्याचा गाल थोपटत होती, "पुरे रे, ऊठ आता, गायचंय मला." उएलेसे शेजारी पडून त्याला वेडावून दाखवत होता. तोच पहिला उठून बसला.

"दाजी, पुरे की," तो म्हणाला. "दाजी? ए दाजी!"

हसू एका बाजूने विझत गेलं. शेवटच्या रांगेतली माणसं तर अजून टाळ्या पिटत होती.

तो वाचला. गावच्या नर्सने तिथेच गवतात गुडघे टेकून त्याची छाती जोरजोरात दाबली, मग त्याला गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं. तळहात जळला होता आणि दोन दिवस त्याला धड बोलता येत नव्हतं. मोएलागी त्याच्या खाटेजवळ खाली बसून होती. तिने खाल्लं नाही, रडली नाही, प्रार्थनाही केली नाही. मी पंख्याने वारा घालत होते तेव्हा ती एकदम बोलली.

"वन्सं, मी किती वेळ नाचले त्याच्यापुढे?"

"थोडाच वेळ."

"मला वाटलं, माझ्यासाठी लोळतोय. लग्नापासून वाट पाहिली होती मी त्याची. इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता, आणि तो मरत होता. आणि वायर मीच..." मी तिला जवळ घेतलं. पेसामीनोचे डोळे मिटलेले होते, पण तो झोपला नव्हता. पापण्या हलत होत्या.

त्यानंतर त्या घरात भित्री झाली ती मोएलागी. पेटीवर तिने जाड चादर टाकली आणि त्या कोपऱ्यात झाडायलाही जाईना. रात्री तो कूस वळला तरी दचकून उठून त्याचा श्वास बघायची. ऑकलंडचा ट्रान्सफॉर्मर आला. पेसामीनोने एका हाताने, आता तर एकच हात धड होता, तो बसवला. नवी तीन पदरी वायर घातली, प्लगही नवा, आमच्या भोकांत बसणारा. हॉटेलच्या माणसाला आणून मीटर लावून सगळं तपासून घेतलं. मोएलागी त्या वेळी समुद्रावर निघून गेली. तिला कुणी गाणं म्हणायला सांगितलं की ती उठून जायची.

शाळेची टाकी बांधून झाली. महिला मंडळाने उद्‌घाटनाला तिला गायला बोलावलं, ती नाही म्हणाली. पाळकीणबाई स्वतः आल्या, तरी नाही. उद्‌घाटनाच्या दिवशी दुपारी पेसामीनो पेटी घेऊन मैदानात गेला, सगळं जोडलं, आणि मला ओसरीवर खुर्ची मांडून दिली. मी म्हटलं, "आता कशाला? नीट झालंय ना सगळं?" तो म्हणाला, "झालंय. तरी बस."

लोक जमल्यावर त्याने सगळ्यांसमोर सपाता काढल्या. टाकीच्या नळाखाली दोन्ही पाय भिजवले, ओल्या गवतात येऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी माईक धरला. जळका हातही. तो तसाच उभा राहिला, बराच वेळ, बायकोकडे बघत. मग मोएलागी उठली. रडतच गेली ती, माईकला आधी एक बोट लावलं, मग हात. आणि गायली. आवाज फुटत होता, तरी गायली. दुसऱ्या कडव्याला तिचे हात आपोआप पसरले आणि ती नाचायला लागली.

पेसामीनोने गिटार खाली ठेवली. तिच्यासमोर आला आणि तिच्या पायांशी गवतात आडवा झाला. हातपाय थरथरवले, टाचा आपटल्या.

एकही माणूस हसला नाही. उएलेसेच्या हातून युकुलेले पडली. मी काही विचार केला नाही, प्लग ओढून काढला. मोएलागी गुडघ्यांवर कोसळली आणि त्याच्या मुठीची बोटं एकेक करून उलगडायला लागली. मूठ रिकामी होती.

पेसामीनोने एक डोळा उघडला.

"नाच की," तो म्हणाला. "मी असा किती वेळ पडून राहू? मला भीती वाटतेय."

मोएलागीने त्याच्या थोबाडीत एक मारली, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. मग ती उठली आणि नाचली. वाजत काहीच नव्हतं. प्लग माझ्या हातात होता आणि तो परत लावायचा मला धीर होईना.